बावीस हात

दसरा होऊन चार दिवस झाले होते. गुणाबाई शेणाची पाटी घेऊन परसात आली तेव्हा तिचा धाकटा दीर व्यंकट गुडघ्यांवर बसून जमीन मोजत होता. कोपर टेकवायचं, पंजा ताणायचा, मधल्या बोटाशी नखानं मातीत रेघ ओढायची आणि पुन्हा त्या रेघेवर कोपर टेकवायचं. घराच्या मागच्या दगडी भिंतीपासून तो निघाला होता. बावीस म्हणून तो उठला, पँटचे गुडघे झाडले आणि खिशातून बाभळीची खुंटी काढून दगडानं ठोकली. खुंटी गुणाबाईच्या लसणाच्या जागेत जाऊन बसली.

“ही तुमची हद्द, वयनी,” तो म्हणाला. “हिच्या पल्याड आमची न्हाणी व्हनार.”

“हद्द कुपाटीवर हाय.”

“मंग कुपाटी दावा.”

कुपाटी असती तर हा गडी सकाळी सकाळी रांगायला आलाच नसता. भादव्यात सलग नऊ दिवस पाऊस कोसळला, ओढा घरामागं चढला आणि उतरताना व्यंकटची मातीची न्हाणी, दोन परसांमधली काट्यांची कुपाटी आणि शेतातलं अर्धं सोयाबीन घेऊन गेला. उरलेल्या सोयाबीनला शेंगेतच मोड आले. गुणाबाई त्या मोडांकडं बघत रडत बसली होती. कुपाटीबरोबर हद्दही वाहून गेली हे तिच्या डोक्यात आलं नाही, व्यंकटच्या मात्र लगेच आलं.

आठ वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा शेत मोजायला सरकारी माणूस आला होता, पण परस घरातल्या घरात वाटलं. गुणाबाईचा नवरा गुरुलिंग थोरला, म्हणून मोजायचा मान त्याचा. भिंतीपासून बावीस हात थोरल्याचे, तिथून ओढ्यापर्यंत धाकट्याचं, असं ठरलं. गुरुलिंग कोपर टेकवत पुढं सरकला आणि गावातले जुने जाणते धोंडप्पा मामा बोटं मिटत मोजत राहिले. कागदावर लिहिलं, बावीस हात. कुणाचे हात, हे लिहायचं कुणाला सुचलं नाही, कारण तो हात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आणि हात होता तरी केवढा. गुरुलिंग ताडमाड, उभा राहिला तरी बोटं गुडघ्याला लागायची. व्यंकट त्याच्या खांद्याच्या खाली. थोरल्याच्या वेळी पीठ भरपूर होतं, धाकट्याच्या वेळी डब्याचा तळ लागला, असं त्यांची आईच हसून सांगायची. दोन वर्षांमागं गुरुलिंगाच्या छातीत कळ आली आणि तो गेला. लिंगायतांच्या रीतीनं शेताच्या कडेला त्याला मातीत बसवला, तेव्हा तो हातही मातीत गेला.

“कुनाच्या हातानं मोजलाव?” गुणाबाईनं विचारलं.

“माझ्या. दुसरा कुनाचा आनू? कागदावर हात लिव्हलंय. हात म्हंजी हात.”

तिनं खुंटी उपटून ओढ्याकडं फेकली. व्यंकटनं शांतपणे खिशातून दुसरी काढली. हा माणूस दोन खुंट्या घेऊनच आला होता, याचा तिला जास्त संताप आला. धोंडप्पा मामांना येऊ द्या, ते सांगतील, असं ती म्हणाली. मामा डोळ्याचं ऑपरेशन करायला लेकीकडं निलंग्याला गेले होते आणि दहा-बारा दिवस येणार नव्हते. तोवर आम्ही उघड्यावर आंघोळी करायच्या का, गवंड्याला सोमवारचं बोलावलंय, असं सुनावून व्यंकट निघून गेला.

खुंटीच्या पलीकडं गेलेली जमीन तीन हात रुंद होती, जास्त नाही. पण परसातली तेवढीच जागा उंचवट्याची. बाकी सगळी चिभड, चार सरी आल्या की पाणी धरणारी आणि लसूण सडवणारी. वीस वर्षं गुरुलिंगानं तिथं राख आणि शेणखत ओतून माती अशी केली होती की नुसतं बोट खुपसलं तरी लसणाची कुडी आत जावी. शेत आता बटईनं दुसराच माणूस करत होता. एकुलती लेक तनुजा किनवटकडं दिलेली, ती वर्षातून दोनदा यायची. नवऱ्याच्या हातचं म्हणावं असं गुणाबाईकडं हे तीन हात तेवढे उरले होते आणि ते ती सोडणार नव्हती.

काय करायचं ते तिला माहीत होतं. या गावात पेरलेल्या वाफ्यात कुणी पाया खणत नाही. ग्रामपंचायतीची नालीसुद्धा एकदा कुणाच्या मेथीला वळसा घालून गेली होती. नाहीतरी लसूण लावायचे दिवस आलेच होते. ती त्या दिवशी कापणीच्या मजुरीला गेलीच नाही.

चुलीवरच्या आढ्याला टांगलेल्या लसणाच्या वेण्या तिनं खाली घेतल्या. धुरानं त्या काळ्या झाल्या होत्या. उंबऱ्यात बसून तिनं एकेक गड्डा अंगठ्यांनी फोडला. बाहेरच्या जाड कुड्या बियाण्याला, आतल्या बारीक स्वयंपाकाला, पोकळ निघेल ती बाजूला. शंभरेक गड्डे फोडता फोडता नखांच्या बुडाशी आग व्हायला लागली आणि डोळे पुसायचीही सोय राहिली नाही. मग ती उठली आणि दारामागची काठी काढली.

काठी वेळूची होती. दर वाफ्याला वाकून कोपर टेकवायचा कंटाळा आला म्हणून गुरुलिंगानं ती आपल्या हाताच्या मापानं कापली होती, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि चिरू नये म्हणून एका टोकाला लोखंडी कडं ठोकलं होतं. त्याचा लसणाचा वाफा दोन काठ्या रुंद. त्यात नऊ ओळी, आणि पहिल्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत बरोबर दोन काठ्या. बोटभर इकडं तिकडं चालायचं नाही. लसणाला काय मोजता येतंय, असं म्हणून गुणाबाई त्याला चिडवायची. तरी तो दोरी लावल्याशिवाय एक कुडी टोकायचा नाही.

काठी हातात आली आणि तिला एकदम सुचलं. हात मातीत गेला, पण हाताचं माप तर घरातच होतं.

तिनं भिंतीपासून काठी टाकायला सुरुवात केली. पलीकडं व्यंकटची बायको उज्वला पाणी तापवत होती. न्हाणी पडल्यापासून तिनं परसात उघड्यावरच तीन विटांची चूल मांडली होती. गुणाबाई मुद्दाम मोठ्यानं मोजत गेली. बाविसावी काठी उज्वलाच्या चुलीच्या हातभर अलीकडं संपली. तिथंच कुपाटी होती, तंतोतंत.

“बगून घे,” गुणाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “हा त्यांचा हात हाय. धोंडप्पा मामा आले की ह्यानंच मोजू.”

उज्वलानं चुलीत फुंकर मारली आणि धुरातून वर पाहिलं. “काठीवर कुनाचं नाव लिव्हलेलं असतंय का, आक्का?”

तिथं गप्प बसून काठी घरात नेली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण जिंकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. गुणाबाईनं कुदळ घेऊन व्यंकटची खुंटी उडवली आणि तिथूनच पहिला वाफा पाडला. ढेकळं फोडली, शेणखत मिसळलं, काठीनं मापून दोन्ही अंगांना दोरी बांधली. मग उकिडवी बसून ओळीनं कुड्या लावत गेली, टोक वर, बूड खाली. आश्विनातलं ऊन पाठीवर वाजत होतं, पोटऱ्यांत गोळे येत होते, पण नऊच्या नऊ ओळी संपेपर्यंत ती उठली नाही. एवढ्यात गावात वीज आल्याचं गिरणीच्या आवाजावरून कळलं. घरात पीठ नव्हतं. काठी वाफ्याच्या कोपऱ्यात रोवून ती ज्वारीचा डबा घेऊन गिरणीला गेली.

अर्ध्या तासानं आली तर कोपऱ्यात काठी नव्हती.

तिनं वाफ्याभोवती पाहिलं, दारामागं पाहिलं, नळाजवळ पाहिलं. मग पलीकडं गेली. उज्वला चुलीपुढं बसली होती आणि भर दुपारी चुलीवर पाणी उकळत होतं.

“माझी काठी कुठं हाय?”

“कसली काठी?” उज्वलानं मान वर केली नाही. “म्या न्हाई बगितली.”

“दुपारी कुनाची आंघोळ?”

“आमच्या चुलीचा हिसाब तुमाला कामून द्यावा?”

दुसऱ्याच्या पेटत्या चुलीत हात घालायची रीत नाही. गुणाबाई तिथं उभी राहिली आणि जाळाकडं बघत राहिली. नवरा गेला त्या दिवशी घर भरून माणसं होती, रडायला सोबत होती. आज तिच्या शेजारी फक्त ती बाई होती, जी लाकूड पुढं सारत होती.

दुसऱ्या दिवशी उज्वलानं चुलीतली राख उकिरड्यावर टाकली. लसणाला राख लागतेच, म्हणून गुणाबाई पाटी घेऊन गेली आणि बोटांनी राख चाळली. लोखंडी कडं सापडायला वेळ लागला नाही. जळून निळं पडलं होतं. तिनं ते पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं आणि कुणाला काही बोलली नाही. उरलेली राख तिनं वाफ्यावर पसरली. तिच्यात काठीचीही राख असणार, हे तिला कळत होतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी तिनं आणखी दोन वाफे पाडले. आता माप नव्हतं, नुसता अंदाज आणि तोंडात शिव्या. दोन्ही वाफे चार-चार बोटं जास्त रुंद झाले. रोज काठी धरणाऱ्या तिच्या नजरेला ते दिसलं, पण तिनं दोरी सरकवली नाही. जितकी जास्त जमीन लसणाखाली जाईल तितकी त्यांच्या पायाखालून जाईल, असं म्हणत ती कुड्या खुपसत राहिली.

सोमवारी गवंडी आला, वाफे बघून डोकं खाजवलं आणि लागवड निघाल्यावर बोलवा म्हणून परत गेला. लसूण निघायचा शिमग्याला. तेव्हापासून व्यंकट पेटला. आलेल्या विटा त्यानं नळाच्या वाटेवर रचून ठेवल्या. पाण्याच्या मोटारीच्या खोक्याला कुलूप घातलं. चहाच्या हॉटेलात बसून तो सांगायचा, आमच्या वयनीनं लसणाचा पहारा बसवलाय, आणि लोक हसायचे. सोयाबीन वेचायला गेलेल्या बायकांत तेच हसू गुणाबाईच्या आधी पोचलेलं असायचं. उज्वला कपडे धुतलेलं पाणी नेमकं पहिल्या वाफ्याच्या बाजूनं सोडायची. गुणाबाई खुरप्यानं माती ओढून ते अडवायची, आणि उज्वला दुसऱ्या दिवशी वीतभर सरकून पुन्हा सोडायची.

पाणी तिनं हापशावरून आणलं. सकाळी वीस घागरी, संध्याकाळी वीस. अठ्ठावन्न वर्षांच्या कमरेला घागर बसत नव्हती, निसटून निसटून हाड सोललं. नवव्या दिवशी मातीतून हिरवी टोकं वर आली. तिन्ही वाफ्यांवर ओळी स्पष्ट दिसायला लागल्या. बाराव्या दिवशी रोपं चार बोटं उंच झाली आणि त्याच दिवशी एसटीनं धोंडप्पा मामा उतरले.

मामा काळा चष्मा लावून परसात आले. बरोबर दोन-तीन माणसं आली, भामाबाई कुंभारीण कुणी न बोलावता आली. व्यंकटनं कागद आणला होता. तो वाचून झाल्यावर मामा म्हणाले, मोजलं होतं ते गुरुलिंगाच्या हातानं, व्यंकटच्या नाही, हे मी कुठंही सांगेन. पण तो हात आता आणायचा कुठून?

“हातकाठी होती,” गुणाबाई म्हणाली. “हितूनच गेली.”

मामांनी उज्वलाकडं पाहिलं. तिनं मान हलवली. व्यंकट उसळला, माझी बायको चोर आहे का, खरं काय ते बेल उचलून सांगेल ती, असं म्हणाला. त्याचा तिच्यावर विश्वास होता, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. बायकोनं काय केलंय, हे त्याला खरंच माहीत नव्हतं. महादेवाच्या देवळातून बेल आला. उज्वलाचा रंग उतरला, पण आता मागं सरायला जागा नव्हती. त्या दिवशी शाळेला न गेलेली तिची लेक दारात उभी होती. व्यंकटनं तिला पुढं आणलं. उज्वलानं एका हातात बेल घेतला, दुसरा लेकीच्या डोक्यावर ठेवला.

“ती काठी म्या डोळ्यानं बगितली न्हाई,” ती म्हणाली. “ना तिची लांबी म्हाईत, ना रुंदी.”

गुणाबाईची बोटं पदराच्या गाठीवर गेली. गाठ सोडायची आणि कडं मामांच्या हातावर ठेवायचं, एवढंच काम होतं. पण नुसत्या कड्यानं जमीन मोजता आली नसती. ती थांबली.

मामा चष्म्याआडून वाफ्यांकडं बघत होते. “थांबा,” ते म्हणाले. “गुरुलिंगाचा वाफा दोन काठ्यांचा असायचा. मी तर त्याच्याकडूनच शिकलो. पहिल्या वळीपासून नवव्या वळीपर्यंत दोन हात, बरोबर ना? गुणाबाई, ह्यातला काठीनं पाडलेला वाफा कोनता? सगळे का एखादा?”

उपाय इतका सोपा होता की व्यंकटही वाफ्यांकडं बघू लागला.

पहिला वाफा समोरच होता. त्याच्यावर बोट ठेवलं की झालं, तिचे तीन हात तिला परत मिळत होते. तिचं बोट उठलंही. पण नजर पलीकडं गेली, त्या तीन विटांच्या चुलीवर. खरं माप त्या चुलीच्या हातभर अलीकडं संपत होतं. चूल उज्वलाकडंच राहणार होती. तिथं रोज जाळ होणार होता, रोज पाणी तापणार होतं, आणि त्याच चुलीत गुरुलिंगाचा हात जळाला होता. तिला जमीन नको होती, ती चूल पाहिजे होती.

“हा,” ती म्हणाली आणि नळाकडच्या तिसऱ्या वाफ्याकडं बोट केलं. “हा काठीचा. बाकीचे अंदाजानं पाडले.”

“तो न्हवं, मामा,” उज्वला एकदम पुढं आली. “काठीचा तर...”

ती थांबली. मामांनी मान वळवली.

“काठीचा कोनता? तुला म्हाईत हाय?”

उज्वलाच्या हातात बेल अजून तसाच होता. तिनं लेकीकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मला काय म्हाईत.”

तिसऱ्या वाफ्याच्या पहिल्या ओळीतल्या रोपापासून नवव्या ओळीतल्या रोपापर्यंत मामांनी दोरी ताणली, दुमडली आणि गाठ मारली. ती दोरी भिंतीपासून बावीस वेळा टाकली. दुमडल्यावर जास्तीच्या चार बोटांची दोन झाली, पण बावीस वेळा दोन बोटं म्हणजे जवळजवळ पावणेदोन हात. शेवटची गाठ चूल ओलांडून पलीकडं पडली. मामा जरा घोटाळले. माझ्या ध्यानात तर हद्द अलीकडं होती, असं ते पुटपुटले, मग चष्म्याखालून डोळा पुसत म्हणाले, आठ वर्षं झाली, माझं ध्यान ते काय. खुंटी तिथंच ठोकली गेली. भामाबाई म्हणाली, गेलेल्या माणसानं बायकोला सांभाळलं बघा, आणि गुणाबाईला पदरानं तोंड झाकावं लागलं. लोकांना वाटलं ती रडतेय.

माणसं पांगल्यावर व्यंकट बराच वेळ खुंटीकडं बघत उभा होता. मग तो वाफ्यांपाशी आला.

“वयनी, भाऊ लांब होता, पर इतका न्हवता,” तो म्हणाला. “आत्ता शेतात मळणी यंत्र आलंय, मला जावं लागतंय. सांजच्याला येऊन तिन्ही वाफे मोजतो. माझी दोरी, माझे डोळे. एक बी वाफा कमी भरला तर मामाला परत आननार.”

तो गेला. गुणाबाई पहिल्या वाफ्यापुढं बसली.

दुपार होती, ऊन उभं. तिला वाटलं होतं आता पोटभर जेवेल. भाकरी घरात तशीच झाकून राहिली. पहिला वाफा तिथं होता, हिरवागार, दोरीत लावलेला. चार बोटं कमी. पहिल्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत गुरुलिंगाचे दोन हात, त्यातला एक इकडून, एक तिकडून, जसा तो झोपेत पसरून पडायचा. जगात दुसरीकडं कुठंही ते माप नव्हतं. आणि संध्याकाळी व्यंकटची दोरी नेमकी त्याच्यावरच पडणार होती.

तिनं खुरपं घेतलं.

नवव्या ओळीत चाळीस रोपं होती. एकेका रोपाखाली खुरपं घालायचं, मातीसकट उचलायचं, चार बोटं बाहेर नवं भोक पाडून त्यात बसवायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. बारा दिवसांची पांढरी मुळं बारीक आवाज करून तुटत होती. तिला बेल आठवला नाही की देव आठवला नाही. त्याचं ते चिडवल्यावरचं गंभीर तोंड आठवलं, दोरी पुन्हा ताणतानाचं. तरी ती थांबली नाही.

पलीकडं उज्वला चूल मोडत होती. एक वीट उचलून पलीकडं न्यायची, परत यायचं. तिसरी वीट हातात घेऊन ती उभी राहिली आणि बघत राहिली. तिला सगळं दिसत होतं आणि सगळं कळत होतं.

“त्यांना सांगू का, आक्का?” तिनं विचारलं. आवाज चढा नव्हता.

गुणाबाईनं पदराची गाठ सोडली. निळं पडलेलं कडं तळहातावर धरलं आणि हात पुढं केला.

“सांग. मंग हे बी सांग, कुनाच्या चुलीत सापडलं. लेकीच्या डोक्यावर हात ठिवून काय बोललीस, ते बी सांग.”

उज्वला कड्याकडं बघत राहिली. दोघींच्या मध्ये ओळीतली वीसेक रोपं मान टाकून पडली होती. घरातून लेकीनं आईला हाक मारली. उज्वलानं वीट या हातातून त्या हातात घेतली.

“ती वळ सुकंल,” शेवटी ती म्हणाली. “आश्विनाच्या उन्हात उपटून लावलेला लसूण धरत न्हाई.”

“सुकू दे.”

उज्वला वीट घेऊन निघून गेली. गुणाबाईनं उरलेली रोपं हलवली. आठव्या आणि नवव्या ओळीतलं अंतर उघडं दिसत होतं, म्हणून तिथं तिनं घरातले धणे फोडून टाकले, कोथिंबिरीसाठी सोडलेली जागा वाटावी. मग घागर कलती करून वाफ्याला पाणी सोडलं. रोपं काढलेली चाळीस भोकं ओळीनं पाण्यानं भरली, त्यांच्यातून बुडबुडे आले, मग माती आतल्या आत बसली आणि सगळं सपाट झालं.

व्यंकट दिवस मावळायच्या आत आला. त्यानं तिन्ही वाफे दोनदोनदा मोजले. तिन्ही सारखे भरले. अंदाजानं पाडलेले सुद्धा काठीच्या वाफ्याइतके कसे, हे त्याला विचारायला सुचलं नाही, किंवा सुचलं असेल तर विचारायला तोंड राहिलं नाही. दोरी गुंडाळून तो म्हणाला, “भाऊ खरंच लई लांब होता म्हनायचा.” आणि ते त्यानं इतक्या साध्या आवाजात म्हटलं की गुणाबाईला त्याचा राग धरून ठेवता येईना.

“हाव,” ती म्हणाली. “होते.”

तो गेल्यावर ती वाफ्याच्या कडेला बसली. आपलं कोपर तिनं पहिल्या ओळीशी टेकवलं, पंजा ताणला आणि मनानं गुरुलिंगाच्या बोटाचं टोक कुठं आलं असतं ते शोधू लागली. माती ओली होती, सगळीकडं सारखीच दिसत होती. कितीदा करून पाहिलं तरी दरवेळी जागा वेगळी येई. गुरुलिंगाचा हात केवढा होता हे नक्की सांगू शकेल असं, ती काठी शेवटची हातात धरलेलं एकच माणूस आता गावात उरलं होतं, आणि ते पलीकडच्या अंगाला नवी चूल मांडत बसलं होतं.